न लागलेला धक्का

2025च्या मे महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या दिरांनी एक बातमी टाकली : जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी पहिल्यांदाच शिशाचं सोनं केलं. दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या आसपास घुटमळत होता आणि जाऊबाईंच्या मुलीचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. "वहिनी, हा तुमचा प्रांत. खरेदी दोन महिने थांबवू का?" खाली चार हसरे चेहरे, एक नमस्कार (आमचे एक मामा बारशापासून श्रद्धांजलीपर्यंत सगळ्यालाच नमस्कार करतात) आणि भाच्याचा प्रश्न, "खरंय का हे?"

खरं होतं. तिथल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या केंद्रकांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रावरच्या ॲलिस या प्रयोगाने हिशेब मांडला होता, की 2015 ते 2018 या काळात शिशाच्या झोतांमधून चारही मोठ्या प्रयोगांच्या ठिकाणी मिळून सोन्याची सुमारे 86 अब्ज केंद्रकं तयार झाली. 86 अब्ज म्हटलं की डोळे विस्फारतात. वजन केलं तर 29 पिकोग्रॅम, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. आजीच्या काळी सोन्याचं लहानसं माप गुंज, ती साधारण 0.12 ग्रॅमची. गुंजभर सोनं जमवायला सर्नला तो चार वर्षांचा खटाटोप चारशे कोटी वेळा करावा लागेल. बरं, झालेलं सोनं सराफाच्या उपयोगाचंही नाही. शिशाच्या केंद्रकात 82 प्रोटॉन आणि 126 न्यूट्रॉन, बेरीज 208. त्यातले तीन प्रोटॉन गेले की सोनं झालं, पण टिकणारं सोनं एकच, 197 बेरजेचं. तिथवर उतरायला आणखी आठ न्यूट्रॉन झडावे लागतात. आणि टिको न टिको, हे केंद्रक प्रकाशाला अगदी चिकटलेल्या वेगाने सुटलेलं असतं, ते पुढे नळीच्या भिंतीवर जाऊन आपटतं आणि त्याचा चुरा होतो. बांगड्या दूरच राहिल्या.

एवढं मी दोन मिनिटांत लिहून पाठवू शकले असते. पाठवलं नाही. मथळ्यात 'शिशाची टक्कर घडवून' असं होतं, आणि त्या 'टक्कर' शब्दावर माझं डोकं फिरलं होतं. सोनं झालं ते टक्कर चुकली म्हणून. आपल्याकडचा परीससुद्धा लोखंडाला लागावा लागतो, स्पर्शाशिवाय परिसाची गोष्टच नाही. इथे न लागणं ही पहिली अट. दोन केंद्रकं खरोखर समोरासमोर भिडली तर सोनं, पारा काहीच उरत नाही, दोघांचा मिळून हजारो कणांचा धुरळा उडतो. शिशाचं सोनं होतं ते केंद्रकं एकमेकांच्या शेजारून, अंग चोरून निघून जातात तेव्हा.

चिडण्याचं कारण जुनं आहे, 1991च्या उन्हाळ्यातलं.

एमएस्सीच्या सुट्टीत तीन महिन्यांचं काम मिळालं म्हणून मी डोंबिवलीहून उत्तरेतल्या एका विद्यापीठात गेले होते. घरातून एकटीने इतक्या लांब जाण्याची पहिलीच वेळ, आईने बरोबर दिलेली चटणी आठ दिवसांत संपली. काम होतं न्यूक्लियर इमल्शनच्या पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचं. इमल्शन म्हणजे फोटोच्या फिल्मवर असतो तसाच चांदीच्या क्षारांचा थर, फक्त बराच जाड. विद्युतभारित कण त्यातून गेला की वाटेत चांदीचे काळे ठिपके उमटतात. आमच्या पट्ट्या सर्नमध्ये गंधकाच्या केंद्रकांच्या झोतात धरून आणल्या होत्या, केंद्रकातल्या दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे 200 जीईव्ही (हे कणांची ऊर्जा मोजायचं माप) ऊर्जेच्या. भिंगावर तेलाचा थेंब टाकायचा, गंधकाची एक जाड रेघ पकडायची आणि तिच्या कडेकडेने चालत राहायचं. मैलोन्मैल काही घडत नाही. मग एकदम स्फोट : एका बिंदूतून सगळीकडे फुटलेल्या रेघा. त्याला 'स्टार' म्हणायचं. काळ्या रेघा किती, करड्या किती, बारीक किती, मोजून वहीत लिहायच्या. दिवसाला चारपाच चांगले स्टार मिळाले तर मेसचं जेवणही गोड लागे.

कधीकधी मात्र वेगळंच दिसे. जाड रेघ चाललेली आहे, चाललेली आहे, आणि मध्येच तिच्यापासून केसासारखी एक बारीक रेघ सुटते, जवळजवळ समांतर, इतकी की दोघींमध्ये फट दिसायला बरंच पुढे जावं लागतं. स्टार नाही, काळी रेघ एकही नाही. आजूबाजूचं चांदीचं किंवा ब्रोमिनचं केंद्रक, ज्याच्यामुळे हे व्हायला हवं, त्याला काही झाल्याची खूण नाही. गंधकाने एक प्रोटॉन टाकला आणि तो फॉस्फरस होऊन पुढे गेला. जाड रेघेवरचे आडवे केस मोजले (डेल्टा किरण म्हणतात त्यांना) तर ते किंचित कमी भरत. त्यांची संख्या भाराच्या वर्गाच्या प्रमाणात असते : गंधकाच्या 16चा वर्ग 256, फॉस्फरसच्या 15चा 225. तेवढाच काय तो पुरावा.

सरांना दाखवलं. त्यांनी डोळा लावला, हूं म्हणाले. "ये टक्कर नहीं है. अलग रखो." आम्हाला हव्या होत्या खऱ्या टकरी, कारण तापलेल्या केंद्रकीय द्रव्यात काय चाललंय ते शोधायचं होतं. सगळं जग तेव्हा त्याच्याच मागे होतं. या चुकामुकीतल्या घटना आकडेवारी बिघडवत, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर एक निराळा रकाना आखला आणि त्या तिथे टाकत गेले.

घरी परतल्यावर आईला सांगितलं, की न शिवता नुसतं जवळून गेलं तरी फुटतं. ती पोळ्या लाटत होती. "म्हणजे दृष्ट लागली म्हण की." मी विज्ञानाची विद्यार्थिनी, मीठ-मोहरी उतरवण्यावरून तिच्याशी आधीच वाद झालेले. फणकारून निघून गेले. पुढे हा विषय नीट वाचला तेव्हा लक्षात आलं, की तिच्या वाक्यातला मीठ-मोहरीचा भाग सोडला तर ते फारसं चुकलं नव्हतं. केंद्रक फुटतं ते उजेडाने.

हे जरा सावकाश सांगते.

स्थिर उभ्या असलेल्या भाराचं विद्युतक्षेत्र सगळ्या दिशांना सारखं पसरलेलं असतं, लाडवासारखं गोल. भार वेगाने पळू लागला की लाडू चपटा होत जातो. पुढे-मागे क्षेत्र आक्रसतं, आडव्या दिशेला तितकंच तीव्र होतं. सर्नमध्ये शिशाचं केंद्रक ज्या वेगाला जातं, तिथे हा चपटेपणा सुमारे 2700 पट असतो. लाडवाचा पापड होतो, आणि पापडही असा, की त्याची जाडी आणि रुंदी एका वाक्यात सांगताना संकोच वाटावा. आता दुसऱ्या केंद्रकाच्या जागी उभं राहून बघा. समोरून हा पापड आला आणि कानाशी फडफडून गेला. क्षणभर तीव्र विद्युतक्षेत्र, त्याच्याशी काटकोनात तितकंच तीव्र चुंबकीय क्षेत्र, दोन्ही बरोबर आलं, बरोबर गेलं. प्रकाशाची लहर अंगावरून जाते तेव्हा नेमकं हेच होतं. ज्याच्या अंगावरून गेलं त्याला यातला फरक कळण्याचा मार्गच नाही. शेजारून एक केंद्रक गेलं काय किंवा गॅमा किरणांची सरबत्ती झाली काय, सारखंच.

1924 साली हे इटलीच्या एन्रिको फर्मी या भौतिकशास्त्रज्ञाला दिसलं. वय वर्षं तेवीस, पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) अजून जन्माला यायची होती. धावत्या भाराचं क्षेत्र म्हणजे प्रकाशाचा पुंजका असं समजून त्याने गणित मांडलं. दहा वर्षांनी, 1934च्या सुमाराला, वाइत्सेकर आणि विल्यम्स यांनी ते प्रकाशाच्या जवळपासच्या वेगांना लागू केलं. आजही या विषयातला माणूस 'वाइत्सेकर-विल्यम्स' म्हणतो, फर्मीचं नाव कधी घेतो, कधी खातो. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये मुंबईचा एक पंचविशीतला तरुण याच्या अगदी शेजारचं गणित करत होता : वेगवान भारित कण जवळून गेला तर नुसत्या क्षेत्रातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची (त्याच्या धन भाराच्या जुळ्याची) जोडी किती वेळा जन्माला येईल? होमी भाभांचा तो निबंध 1935चा. आपण भाभांना अणुशक्तीच्या संदर्भात, तुर्भ्याच्या कुंपणाआडून ओळखतो. ही गणितं करणारे भाभा मला जास्त जवळचे वाटतात.

तर प्रकाश मिळाला. तो केंद्रकाचं काय करतो?

मराठीत यासाठी एक फार नेमकं क्रियापद आहे : हिंदकळणे. भरलेली कळशी घेऊन चालताना पाय अडखळला तर पाणी एका बाजूला जातं, मग दुसऱ्या, आणि एखादा थेंब बाहेर सांडतो. केंद्रकात प्रोटॉन भारित, न्यूट्रॉन बिनभाराचे. विद्युतक्षेत्राचा झटका बसतो तो प्रोटॉनांना. ते सगळे मिळून एकीकडे सरकतात, न्यूट्रॉन मागे राहतात, मग बंधनाचं बल त्यांना परत ओढतं, ते दुसऱ्या बाजूला जातात. सगळे प्रोटॉन एका अंगाला, सगळे न्यूट्रॉन दुसऱ्या, असं हे केंद्रक हिंदकळत राहतं. गोल्डहेबर आणि टेलर यांनी 1948मध्ये हे चित्र मांडलं. शिशाच्या केंद्रकाला या हिंदकळण्यासाठी साधारण साडेतेरा एमईव्ही (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) ऊर्जा लागते, आणि त्यातला एक न्यूट्रॉन सोडवायला साडेसातच्या आत पुरते. म्हणजे हिंदकळलं की सांडणार. सांडतो न्यूट्रॉन, कारण त्याला अडवणारं कोणी नाही. प्रोटॉनला मात्र बाहेर पडताना विद्युतभाराचा बंधारा ओलांडावा लागतो, ते शिशासारख्या जड केंद्रकात सोपं नसतं. त्यापेक्षा फार जास्त ऊर्जेचा प्रकाशकण लागला तर प्रोटॉनही उडतात. एक उडाला की थॅलियम, दोन उडाले की पारा, तीन उडाले की ते ग्रुपवरचं सोनं. पारा आणि थॅलियम सोन्याहून जास्त होतात. त्यांची बातमी कोणी करत नाही.

हे सगळं कितीदा होतं, तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी लोकलमध्ये उभी होते आणि उतरायचं स्टेशन गेलं.

या क्षेत्रात शक्यता मोजतात ती क्षेत्रफळात, आणि मापाचं नाव 'बार्न', म्हणजे धान्याचं कोठार. 1942 साली अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठातल्या दोघा भौतिकशास्त्रज्ञांनी युरेनियमचं केंद्रक न्यूट्रॉनांच्या दृष्टीने कोठाराएवढं मोठं आहे अशी थट्टा केली, ती चिकटली. चौरस मीटरचे एकावर अठ्ठावीस शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे एक बार्न. शिशाचं केंद्रक समोरून दीडेक बार्नचं दिसतं. दोन शिशांची खरीखुरी टक्कर होण्याचं क्षेत्रफळ भरतं 7.7 बार्न, आणि आमच्या शेवटच्या पानावरच्या चुकामुकीचं, ज्याला प्रयोगशाळांत 'ईएमडी' (इलेक्ट्रोमॅग्नेटिक डिसोसिएशन, विद्युतचुंबकीय क्षेत्राने फुटणं) म्हणतात, ॲलिसने 2012मध्ये जाहीर केलेलं मोजमाप होतं 187 बार्न. चोवीस पट. जणू सात फेमटोमीटर (मीटरचे एकावर पंधरा शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला एक) त्रिज्येचं केंद्रक दुसऱ्यापासून सत्याहत्तर फेमटोमीटरवरून गेलं तरी मोडतं. पृथ्वीवरच्या सगळ्यात मोठ्या टकरीच्या यंत्रात जे घडतं, त्यातला फारच मोठा भाग टकरीशिवायच घडतो.

पुढे ऊर्जा वाढवून केलेल्या मोजमापात आणखी तपशील आला. नुसता एकच न्यूट्रॉन सांडण्याचं क्षेत्रफळ 108 बार्न, दोनाचं 25, तीनाचं 8च्या आत. म्हणजे बहुतेक वेळा एक थेंब सांडतो आणि कळशी सावरते.

पण तो थेंब पकडणार कसा? न्यूट्रॉनला भार नाही, इमल्शनमध्ये त्याची रेघ उमटत नाही. इथे मला माझ्या तीन महिन्यांची खरी किंमत कळली. गंधकाच्या केंद्रकातून न्यूट्रॉन सांडला तर मागे उरतं तेही गंधकच, भार तोच, रेघ तितकीच जाड, आडवे केस तितकेच. भिंगाखाली काहीसुद्धा दिसत नाही. कडेकडेने चालत किती रेघा मी 'काही झालं नाही' म्हणून ओलांडल्या असतील, आणि त्यांतल्या काहींच्या आत मध्येच कुठेतरी केंद्रक हिंदकळून सांडून गेलं असेल.

सर्नने त्यावर काढलेली तोड मला फार आवडते, कारण ती साधी आहे. झोताच्या नळीत पुढे चुंबक असतात, ते भारित कणांना वळवतात. न्यूट्रॉन वळत नाही. वळणावर गाडी वळली आणि टपावरचं गाठोडं सरळ गेलं, तसा तो नाकासमोर जातो. म्हणून टकरीच्या जागेपासून 113 मीटरवर, दोन्ही झोत नळ्या वेगळ्या होतात त्या बेचक्यात, एक छोटा शोधक ठेवला आहे. झिरो डिग्री कॅलरीमीटर असं त्याचं नाव. टंगस्टनच्या मिश्रधातूचा ठोकळा, त्यात क्वार्ट्झचे तंतू ओवलेले. समोरून बघितला तर तळहाताएवढा. सांडलेल्या न्यूट्रॉनजवळ झोतातली त्याच्या वाट्याची ऊर्जा असते, 2.51 टीईव्ही (टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही). म्हणून आलेखात तेवढ्या ऊर्जेवर एक उंच शिखर, दुपटीवर त्याहून बुटकं, तिपटीवर आणखी बुटकं. नोटा मोजाव्यात तसे न्यूट्रॉन मोजता येतात. तो आलेख मी छापून कॉलेजातल्या माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. एका सहकाऱ्याला तो शेअर बाजाराचा वाटला.

या चुकामुकी काही नुसत्या निरुपद्रवी नाहीत. न्यूट्रॉन गमावलेलं केंद्रक झोताच्या कामाचं राहत नाही, वाटेवरून घसरतं आणि हरवतं. त्याहून चिवट भानगड भाभांनी गणित केलेल्या जोड्यांची. जवळून जाताना इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी जन्मते आणि क्वचित त्यातला इलेक्ट्रॉन शिशालाच चिकटून बसतो. भार 82चा 81 होतो. एवढ्याने ते केंद्रक चुंबकांकडून किंचित कमी वळतं आणि अशी सगळी केंद्रकं मिळून पुढे नळीच्या भिंतीवर एकाच ठिकाणी आदळत राहतात, बारीक पण सततची धार. भिंतीपलीकडे असतो तो अतिवाहक चुंबक, म्हणजे वीज विनाअडथळा वाहू देणारा, उणे 271 अंशांवर ठेवलेला. त्याला थोडीशी ऊब लागली तरी त्याची अतिवाहकता जाते. डिसेंबर 2015मध्ये अभियंत्यांनी मुद्दाम हा प्रवाह एका चुंबकावर सोडून पाहिला, आणि तो चुंबक खरोखर ढेपाळला. मग झोताला किंचित बाक देऊन ती धार निरुपद्रवी जागी उतरवण्याची सोय झाली. न लागलेल्या धक्क्यामुळे सत्तावीस किलोमीटरचं यंत्र बंद पडू शकतं, हे कोणाला सांगावं?

अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत 2000 सालापासून सोन्याचेच झोत फिरवले गेले. तिथे दोन्ही केंद्रकं एकाच वेळी मोडून दोन्ही बाजूंना न्यूट्रॉन सांडण्याच्या घटना इतक्या भरवशाने घडत, की झोत एकमेकांतून नीट जातायत की नाही हे त्यांवरून जोखलं जाई. ज्या गोष्टीला आम्ही शेवटच्या पानावर टाकलं, ती तिथे घड्याळ झाली होती. वर्षानुवर्षं तिथे खऱ्या 197च्या सोन्याचं 196 होत होतं, सोनं उणं होत होतं, आणि त्यावरून आमच्या ग्रुपवर कोणी अवाक्षर काढलं नाही.

किमयेचाच विषय निघालाय तर तेही सांगून टाकते : 'पहिल्यांदाच' हे खोटं. पाऱ्यावर वेगवान न्यूट्रॉन मारून हार्वर्डमध्ये 1941लाच किरणोत्सारी सोनं केलं होतं, आणि 1980च्या आसपास बर्कलीत ग्लेन सीबोर्ग आणि सहकाऱ्यांनी बिस्मथपासून. ते धक्के मारून केलेलं. न लागता होणं ही यातली नवी गोष्ट, आणि तीच बातमीतून गळली.

डोंबिवली स्थानकात संध्याकाळी न थांबणारी मेल जाते. घोषणा होते, लोक पिवळ्या रेषेच्या मागे सरकतात, गाडी धडधडत येते आणि पदर, पिशव्या, वर्तमानपत्रं, सगळं तिच्याकडे एकदा झुकून परत येतं. तिथे हवा असते म्हणून ते होतं, केंद्रकांच्या मध्ये हवा नसते. दृष्टांत ताणू नये हे मी वर्गात नेहमी सांगते. तरी त्या झुकण्यात मला दरवेळी न्यूट्रॉन-प्रोटॉन दिसतात.

भाच्याला शेवटी रविवारी घरी बोलावलं. ग्रुपवर हे सांगता येण्यासारखं नव्हतं. लाडू, पापड, कळशी सगळं झालं. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, तुझी ती वही आहे?"

माळ्यावर होती. ट्रंकेत, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या खाली. शाई फिकी झालीय, पण आकडे वाचता येतात. शेवटच्या पानावरच्या रकान्यात सदतीस नोंदी आहेत. पट्टीचा क्रमांक, जागा, आडव्या केसांची मोजणी. खाली सरांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं आहे, "बाद में देखेंगे". भाच्याने मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला आणि विचारलं, की न दिसलेल्या घटनांसाठी रकाना आखला होतास का.